आईच्या रक्ताचं उघडं पोस्टकार्ड

पत्र बंद पाकिटात घालायला कुणाचं काय जात होतं? आईने दिवाळीत बिरवाडीच्या शिबिरात रक्त दिलं आणि महिन्याने आमच्या वाडीवर आलं उघडं पोस्टकार्ड. 'आपल्या रक्तात कावीळ ब चे विषाणू आढळले आहेत. डॉक्टरांना भेटावे.' वाडीचं टपाल हैबतीच्या दुकानात पडतं. त्याने ते मोठ्याने वाचलं, गूळ घ्यायला आलेल्या बायांनी ऐकलं. आईला सगळ्यांत शेवटी कळलं!

संध्याकाळी साळूकाकीने आईचं ताट पडवीत नेऊन ठेवलं. "जाऊबाई, चुलीपाशी येऊ नका. पोरंबाळं हायत घरात."

येसाजीकाका मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "आणि यंदा पालखीचा नैवेद्य साळूच करील."

शिमग्यात देवाची पालखी घरी येते, तेव्हा नैवेद्याचं पुरण थोरल्या सुनेने शिजवायचं. चौदा वर्षं ते आईने शिजवलं होतं. आईने पडवीतलं ताट पुढ्यात ओढलं. आणि बाबा? रात्रपाळीला उशीर होतोय म्हणून सायकलवर बसून मोकळे!

"जेवणाखाणातून नाही होत हे, काका. रक्तातून होतं!" मी ओरडले.

"दहावीला गेलीस म्हणजे डाक्तर झालीस काय गो?"

नाही झाले. म्हणून आईला घेऊन महाडला खऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, विषाणू आहेत एवढ्याने भागत नाही, किती आहेत ते मोजायचं, यकृत कसं आहे ते बघायचं. मोजणीसाठी रक्त मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार होतं. "आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन ये. ज्यांना नाही, त्यांना लस देऊ."

सगळे आले. काका तेवढा नाही.

"सुईला भितोस काय रे काका?" मी अंगणातून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. एवढ्या मिशीचा माणूस दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीत!

पालखीच्या आदल्या दिवशी काकी आणि मी रिपोर्ट आणायला गेलो. आईचे विषाणू अगदी थोडे, यकृत ठणठणीत, फक्त दर सहा महिन्यांनी तपासायचं. बाकी कुणालाच काही नाही. काकाला मात्र आहे! आणि त्याचे विषाणू लाखांत, यकृताला सूज, औषध लगेच सुरू.

परतताना काकीने काकाचा कागद घडी घालून कमरेला खोचला. "निशे, गावात बोलू नको गो. त्यांची अब्रू जाईल."

अब्रू! आणि आईची? ती पोस्टाने वाटली होती काय?

घरी पोचल्यावर मी आई-काकासमोर सगळे रिपोर्ट सांगून टाकले, काकाचं ताट उचललं आणि पडवीकडे निघाले. आईने माझं मनगट धरलं. "ठेव ते खाली."

"आई, तुझं नेलं तेव्हा—"

"ठेव म्हणते ना!"

मला आईचासुद्धा असा राग आला! पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती थेट चुलीपाशी गेली. तिथे काकी पुरणाच्या डाळीसाठी आधण ठेवत होती.

"साळू, माझ्या तोंडून गावात कायपण जायचं नाय. भावोजींना औषध येळेवर दे. आता ऊठ. पुरण मी शिजवणार हाय."

काकीने काकाकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता.

काकी पाटावरून उठली. आईने पदर खोचला, पाटावर बसली आणि मला म्हणाली, "बघत काय बसलीस? वेलची सोल."