वर सुकं, खाली ओलं

मी गाडीतला गालिचा बोलतोय. गॅरेजात मला कार्पेट म्हणतात आणि दुकानाचा मालक गिऱ्हाइकासमोर 'एकदम ओरिजिनल' म्हणतो. मी ओरिजिनल नाही. पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्यांचा मी झालेलो आहे. जगात पाऊल टाकल्याबरोबर माझ्याविषयी खोटं बोललं गेलं, तेव्हापासून माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही बसलेला नाही. पण एक गोष्ट मनात सलते आहे, म्हणून सांगतो.

कंटेनरमधून उतरलो तो कुवेतच्या शुवैखला. गॅरेजांच्या रांगेत सीटकव्हरं शिवणारं एक दुकान आहे, तिथल्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या अवस्थेत मी आठ महिने उभा होतो. आठ महिन्यांत माणसं ओळखायला शिकलो. येणारा प्रत्येकजण मला अंगठ्यानं चोळून पाही, नाक मुरडी, निघून जायचं नाटक करी आणि दारातून परत फिरे.

दुकानातला मुख्य कारागीर म्हणजे शत्रुघ्न, लांज्याकडचा. दुपारी तो जेवणाचा डबा उघडायचा तेव्हा सगळ्या दुकानाला कळायचं. शेजारच्या गॅरेजातले कोकणातले दोघेतिघे वास काढत यायचे. "दादा, सुकं आणलंस काय गावावरनं?" म्हणायचे. सुकट, बोंबील, सोडे, काय असेल ते मग वाटून खायचे. सुकं म्हणजे वाळवलेली मासळी, हे मी असं शिकलो. त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असेल अशी मला शंकाही आली नाही, आणि शंका घेणं तर माझा धंदाच.

एका दुपारी मजीद आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा उतरलेला. हर्णैचा हा माणूस रुमैथियातल्या एका घरी ड्रायव्हर. बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळे मला अर्धंमुर्धंच ऐकू आलं. "सीटखाली..." मग धडधड. "...सुकं हाय." पुन्हा धडधड. "...मामाला दिसनार कसा?" इथं घरच्या मालकिणीला सगळे मामा म्हणतात.

झालं, माझं डोकं चाललं. सीटखाली मासळी लपवतो आणि मालकिणीला दिसणार नाही म्हणून खूश होतो! शत्रुघ्नही त्याला सामील दिसला. दोघांची भाषा जवळची, गाव जवळचं. शत्रुघ्ननं मला खांद्यावर टाकलं तेव्हा मी मनात म्हटलं, गुन्हा झाकायला पांघरूण म्हणून माझी निवड झाली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. दार उघडलं आणि तो वास आला. आंबूस, कुजका, समुद्राकाठी काहीतरी सडावं तसा. माझी खात्रीच पटली. मजीद सांगत होता की मामानं आता शेवटचं बजावलंय. कार्पेट बदलूनही वास राहिला तर ती त्याचा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, कॅन्सल करून घरी पाठवणार. मुलगी फरहीन नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मला दया आली नाही. मासे खाताना मुलगी आठवली नाही का, असं मला वाटलं.

शत्रुघ्ननं सीटा काढल्या. तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून मामाच येऊन उतरली, न सांगता. बरोबर घरकामाची बाई होती, शहरबानू. ही दाभोळची, मामाकडे बारा वर्षं. मामाला हिंदी येत नव्हती, मजीदची अरबी तोडकी, म्हणून मधली भाषा बानूचीच. हिनंच मामाला सांगितलं होतं की मजीद फोनवर गाडीतल्या सुक्याविषयी बोलताना तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मामानं मोकळ्या गाडीत वाकून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि काहीतरी बोलली. बानूनं मजीदकडे न बघता सांगितलं, "मामा म्हनते, गाडीत व्हतं ते तू काल टाकून दिलंस."

"आपा, व्हतंच काय टाकायला?" मजीद म्हणाला.

मामा मालकाच्या एसी केबिनमध्ये जाऊन बसली. बानू सावलीला दारापाशी उभी राहिली, पदर नाकाला. ती पहारा करायला राहिली आहे, हे मी ओळखलं. एकाला दुसऱ्यावर नजर ठेवताना पाहिलं की मला घरच्यासारखं वाटतं.

शत्रुघ्ननं जुना गालिचा ओढून काढला. वरून अगदी कोरडा, आणि उलटा केला तर खालचा फोम काळा पडून पाण्यानं जड झालेला. गाडीच्या तळाच्या पत्र्यावर चिकटवायचं कुठलंसं पांढरं सोलुशन दह्यासारखं साकळलेलं होतं. आधीच्या कुणीतरी स्वस्तातलं, पाण्याचं सोलुशन ओल्या पत्र्यावर फासलं होतं. शत्रुघ्ननं इंजिन चालू करून एसी लावला. डॅशबोर्डच्या खालून थेंब टपकू लागले, गाडीच्या बाहेर नव्हे, आत. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी धुळीनं बुजली होती. त्यानं ती तारेनं मोकळी केली. मी बघत होतो. पण माझा संशय इतक्या सहज हलणारा नव्हता. पाणी असेल, मासळीही असेल.

मग माझी पाळी आली. शत्रुघ्ननं पत्रा खरवडला, थिनरनं पुसला, ब्लोअरनं वाळवला. पांढऱ्या डब्याला त्यानं हातही लावला नाही. स्प्रेचा डबा उचलून परत ठेवला. उन्हात उभ्या गाडीत हे आठ दिवसांत सुटेल, म्हणाला. शेवटी पिवळसर, उग्र वासाच्या, उष्णता सोसणाऱ्या सोलुशनचा डबा फोडला. ब्रशनं पातळ थर पत्र्यावर दिला, तेवढाच माझ्या पाठीवर. आणि थांबला.

हे थांबणं मला पटेना. चिकटवायचं तर ओलं असतानाच चिकटवावं ना? पण हे सोलुशन उलट्या स्वभावाचं आहे. दोन्ही बाजू बोटाला लागेनाशा झाल्या की मगच त्या एकमेकींना धरतात. घाई केली तर सुटतं, फार वेळ गेला तर मरतं. गावाला पंधरा मिनिटं लागतात, कुवेतच्या जुलैत चारसुद्धा नाहीत.

"मजीद, बोटाची पाठ लावून बग," शत्रुघ्न म्हणाला.

मजीदनं उकिडवं बसून बोट लावलं. "दादा, वर सुकं हाय. खाली ओलं हाय अजून."

दारातली बानू वळली. नाकावरचा पदर खाली आला.

"काय म्हनालास?"

"सुकं. म्हंजे सुकल्यासारखा दिसतो, पन खाली ओलं हाय."

"त्या दिवशी किचनच्या मागं फोनवर..."

"हेच बोललो व्हतो दादाला. गाडीत खाली ओलं, वर सुकं. मामाला दिसनार कसा?" मजीद तिच्याकडे बघतच राहिला. "आपा, तुमी काय समजलात?"

बानू दारातून हलली. बाहेर टाकलेल्या जुन्या गालिच्यापाशी गेली, खाली बसली आणि तो काळा फोम दोन्ही हातांनी उचलून थेट नाकाशी नेला. दाभोळच्या बंदरावर वाढलेली बाई; मासळीचा वास तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. तिचा चेहरा पडला.

शत्रुघ्न माझ्याकडे बघत होता. माझ्या पाठीवरचं सोलुशन भराभर वाळत चाललं होतं. एका कोपऱ्यात तर ते मेलंच. तरी तो हलला नाही आणि कुणाला घाईही केली नाही.

बानू उठली. आता ही गप्प बसणार, हे मी पैजेवर सांगितलं असतं. बारा वर्षांची पत एका शब्दासाठी कोण घालवील? ती केबिनचं दार उघडून आत गेली आणि दार उघडंच राहिलं. मला अरबी थोडी कळते, गॅरेजपुरती. ती म्हणाली, "समच माफी, मामा." मासळी नाहीच. मग फोमनं काळा झालेला हात पुढे करून म्हणाली, "माय." माय म्हणजे इथं पाणी. आणि शेवटी, छातीला हात लावून, "गलत मिन्नी." चूक माझी.

मामा बराच वेळ बोलली. आवाज चढलेला होता, आणि तो सगळा बानूवर होता. बानूनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग मामा बाहेर आली, मजीदला हातानं गाडी दाखवून म्हणाली, "खलास. बुकरा." म्हणजे विषय संपला, उद्या कामावर ये.

तिच्या मागून बानू आली. मजीदसमोर उभी राहिली. "माफी," म्हणाली. अरबीत माफी म्हणजे नाही. पण ती अरबीत बोलत नव्हती.

मजीद म्हणाला, "ऱ्हाव दे, आपा. तुमीच मघाशी आत जाऊन खरं बोललात ना."

शत्रुघ्ननं मला उचललं, मधल्या उंचवट्यावर बसवलं आणि तळहातानं मधून कडांकडे दाबत नेलं. मी सगळीकडे बसलो, मागच्या सीटपाशी तो एक कोपरा सोडून. नवीन सोलुशन लावायला त्यानं ब्रश उचलला, विचार केला आणि ब्रश ठेवून दिला. "हा असाच ऱ्हाऊ दे. उचलून बगता येईल."

आज त्याला वर्ष झालं. वास नाही. मी रुमैथियाच्या धुळीत आणि मजीदच्या बुटांखाली पडून असतो. स्वभाव गेलेला नाही. अजून मला प्रत्येक पायाची शंका येते. पण माझ्या संशयानं एका निर्दोष माणसाला मनातल्या मनात गावाला पाठवलं होतं, आणि मला बानूसारखी कबुली द्यायला तोंड नव्हतं. ती आज तुमच्याजवळ देतोय. तुमच्या पायाखालीही माझा कुणी भाऊबंद असेल. कुणाविषयी अर्धं वाक्य कानावर पडलं तर आधी त्याचा कोपरा उचलून बघा, एवढंच मागणं आहे.

बानू दर शुक्रवारी सामान आणायला जमियाला, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, जाते, मागच्या सीटवर बसून. बसली की आधी वाकते, तो सुटा कोपरा उचलते आणि खाली हात घालून चाचपते. मजीद आरशातून बघत थांबतो, किल्ली फिरवत नाही.

"सुकं हाय," ती म्हणते.

मग तो गाडी चालू करतो.