माझी हवेची नळी

मी एक जुनी भट्टी आहे. लोखंड वितळवणारी नव्हे, घर ऊबदार ठेवणारी. मित्रांनो, कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांतात हनात्युकांच्या तळघरात मी उभा जन्म काढला.

ओरेस्ट हनात्युक होते तोवर माझे लाड होते. शेतातले बटाटे काढून झाले की ते खाली उतरत, माझी हवा गाळणारी गाळणी बदलत, पत्र्याच्या नळ्यांतली धूळ ओढून काढत. बाहेरून माझ्यासाठी हवा आणणाऱ्या जाड नळीच्या तोंडाशी अडकलेली पानंही काढत. मग सगळ्या खिडक्या उघडून मला पेटवत. त्या दिवशी घरभर जळक्या धुळीचा वास यायचा आणि त्यांची बायको ओल्हा हसून म्हणायची, की आता खरा हिवाळा आला.

ओरेस्ट गेले. पुढच्या पानगळीत मुलगा मायरन कॅल्गरीहून आला. आईवर त्याचा जीव होता, हे मी नाकारत नाही. त्यानं इथल्या रिवाजाप्रमाणे खिडक्यांवर प्लास्टिक ताणून बसवलं, दारांच्या फटी बुजवल्या आणि खाली आला. नळीतून गार वारा येत होता.

"आई, बाहेरची थंडी तापवायला गॅस जाळतेस का गं?"

ओल्हा जिन्यातून म्हणाली, "बाबा ती उघडीच ठेवायचे रे."

"बाबांचं काय सांगतेस, ते बर्फातही टोपी घालत नव्हते."

आणि त्यानं नळीत एक जुनी उशी कोंबली. गाळणीकडे तर पाहिलंही नाही.

अहो, आगीलाही श्वास लागतो. माझी निळी ज्योत पिवळी पडली. धुराड्यातून वर जाणारा विषारी वायू उलटा घरात पसरू लागला. त्याला ना रंग, ना वास. ओल्हाचं डोकं दुखायचं. मायरन कॅल्गरीहून फोनवर सांगायचा, थंडीनं होत असेल, भट्टी वाढव. ती बिचारी वाढवायची. वर बटण फिरलं की मला जळावंच लागे. माझ्या जन्माचा मला तेव्हा तिटकारा आला.

एका सकाळी शेजारीण स्टेफा पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, घेऊन आली, तेव्हा ओल्हा स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. ती वाचली, पण हात थरथरू लागले, माणसांची नावं आठवेनात. घर सुटलं, वृद्धाश्रम आला.

गॅसवाल्यानं उशी काढून धावत आलेल्या मायरनच्या हातात दिली. त्यानं ती कोपऱ्यात टाकली. मग स्टेफाला म्हणाला, "जुनं धूड आहे. आईच्या जिवावर उठलं होतं." गावभर तेच झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

उद्या मी भंगारात जाणार. मित्रांनो, हिवाळ्याआधी तुमच्या भट्टीची गाळणी बदला, नळ्या झाडा, तिची हवा कोंडू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस जिन्यातून काही सांगत असेल, तर हातातलं काम थांबवून ऐका.

मायरन आज इथेच उभा राहून आश्रमातल्या बाईंशी फोनवर बोलत होता. ओल्हा म्हणे खोली तापली की घाबरते, भर बर्फात उठून खिडकी उघडते.

"गार लागेल तिला," तो म्हणाला. "खिडकीला खिळे ठोका."