चतुराचा चौथा पंख

मित्रांनो, मी एक जुना खडक आहे. जुना म्हणजे किती? अकरा कोटी वर्षांचा. तुमच्या सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा माझ्यापुढे कालचं पोर आहे.

मी मुळात एका तळ्याचा गाळ. पाण्यातून चुन्याचा पातळ पदर खाली यायचा आणि मला झाकायचा. त्याच्याबरोबर मासे आले, पानं आली, टोळ आले आणि एके दिवशी वाऱ्याने पाण्यात पाडलेला एक चतुर आला. माझ्या तळाशी त्याला कुरतडणारं कोणी नव्हतं. मी त्याचे चारही पंख जपून ठेवले, शीर न शीर. पुढे तळं आटलं, मी दगड झालो, तरी चतुर माझ्यापाशीच राहिला.

आज मी ब्राझिलमधल्या करीरीच्या खोऱ्यातली पिवळी फरशी आहे. खाणीतली माणसं छिन्नीने माझे पदर सुटे करतात, चिकटलेली वहीची पानं सोडवावीत तसे. मग बोटाच्या पेराने टकटक करून कान देतात. बिनडागाची, खणखणीत वाजणारी फरशी शहरात जाते. पोटात मासा असला की ती थप्प वाजते आणि डागी ठरते. डागी फरश्या कामगारांनी घरी न्याव्यात, अशी इथली रीत आहे. त्यामुळे बड्यांच्या बंगल्यांत मी कोराच असतो आणि गरिबांच्या घरी माशांसकट नांदतो. मला याचा अभिमान आहे.

अनीझियू हा माझा आवडता फरशीफोड्या. तीस वर्षांपूर्वी त्याने एक पदर उचकटला आणि चतुराने पहिल्यांदा ऊन पाहिलं. पण दगड दुभंगला की आतल्या जीवाचीही वाटणी होते. तीन पंख एका फरशीवर राहिले, चौथा दुसरीवर गेला.

चौथ्या पंखाची फरशी त्याने घरी नेली. त्याची बायको कितेरिया कमरेवर हात ठेवून दारातच उभी.

"मासे आणलेस, मी गप्प बसले. आता किडा? चुलीपाशी झुरळं कमी पडली का रे?"

"अगं, पंख तरी बघ त्याचा!"

"तूच बघ. बसवायचीच असेल, तर तोंड खाली करून बसव."

त्याने ती चुलीपाशी उलटी बसवली.

तीन पंखांची फरशी बघायला चकचकीत बुटांचा एक माणूस आला. असे बूट दिसले की आमची माणसं त्याला 'डॉक्टर' म्हणतात. कशाचा डॉक्टर, ते कोणी विचारत नाही. "विद्यापीठात दाखवतो आणि रविवारी परत आणतो," डॉक्टर म्हणाला. अनीझियूने त्याला कॉफी पाजली आणि आपल्या एकुलत्या एका चांगल्या शर्टात फरशी गुंडाळून दिली. तो रविवार काही उजाडला नाही.

दगडातला जीव साऱ्या देशाचा असतो, तो विकणं इथे गुन्हा आहे. गावाने परस्पर ठरवून टाकलं की अनीझियूने चतुर विकला. तो दुकानात गेला की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय अनीझियू, चतुर कुठवर उडाला?" तो हसण्यावारी न्यायचा आणि घरी येऊन ताटावरून उठायचा. चुलीपाशी त्याची टाच माझ्यावरच टेकलेली असायची. त्याचं दुःख मला कळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

माझा तिकडचा तुकडा समुद्रापलीकडच्या एका संग्रहालयात काचेआड बसला होता. पाटीवर भलत्याच देशाचं नाव! इतका अपमान मला अकरा कोटी वर्षांत सोसावा लागला नव्हता.

मागच्या वर्षी जांदिरा नावाची संशोधक त्या तुकड्याचा फोटो घेऊन गावात आली. "संग्रहालयवाले म्हणतात, हा तुमचा असेल तर पुरावा द्या," ती म्हणाली.

अनीझियूने फोटो दोन्ही हातांनी धरला. "पुरावा माझ्या चुलीपाशी आहे, बाई."

लोक हसले, पण तमाशा बघायला त्याच्या दारात जमले. आत सगळ्या फरश्या काजळीने आणि झिजेने सारख्याच दिसत होत्या. नेमकी कोणती, ते आता त्यालाही आठवेना. घाव चुकला तर जुनी फरशी फुटणार, आणि वाजवून ओळखावी, तर घणाच्या आवाजाने त्याचे कान कधीच अधू झालेले.

कितेरियाने झग्याला हात पुसले. "ठोक, म्हाताऱ्या. ऐकायचं काम माझं."

थप्प. थप्प. सगळ्यांच्या पोटात मासे! तो गुडघ्यांवर सरकत चुलीपाशी आला आणि मी खणखणीत वाजलो. पंखाएवढ्या पातळ डागाने माझा आवाज कसा बसणार?

"हीच!"

"कितेरियाबाई, नक्की ना?" जांदिराने विचारलं. "फुटली तर सगळंच गेलं."

"पोरी, याचं ठोकणं ऐकतच मी म्हातारी झाले. हीच."

अनीझियूने छिन्नी लावली. घाव सरळ बसला. फरशी उलटली आणि पंख दिसला, जसा मी ठेवला होता तसाच. जांदिराने फोटो शेजारी धरला. तुटलेली शीर न शीर जुळली.

"विचारा ना आता!" कितेरिया दाराकडे वळून गरजली. "चतुर कुठवर उडाला, विचारा!"

दुकानदाराने चामड्याची टोपी काढून छातीशी धरली.

आठ महिन्यांनी माझा तुकडा परत आला. बासरी-ढोलवाले पुढे, फटाके मागे, आणि मधे पेटी घेऊन अनीझियू! एखाद्या संताची मिरवणूकही इतकी मोठी निघाली नसेल. आता गावच्या संग्रहालयात चारही पंख एकत्र आहेत. पाटीवर गावाचं नाव आहे आणि खाली लिहिलं आहे, 'शोधणारा: अनीझियू'. ते नाव त्याने बोट फिरवून तीनदा वाचलं.

मित्रांनो, मला जपायला मोठी विद्या लागत नाही. पायाखाली काय आहे ते वाकून बघा आणि जिथलं आहे तिथे राहू द्या. एवढंच माझं मागणं आहे.

आणि हो, चुलीपाशी खड्डा पडला होता. तो बुजवायला अनीझियूने दुसरी डागी फरशी आणली. तिच्यावर एक टोळ होता. न सांगताच तो ती उलटी करायला लागला, तशी कितेरियाने त्याचा हात धरला.

"तोंड वर," ती म्हणाली. "दिसू दे त्याला घर."