दाताला लावलेली लेझीम

मित्रांनो, आरशाखालच्या फळीवर पडून असलेला मी एक जुना लेझर आहे. अंगाने जेवणाच्या डब्याएवढा. पण नाशिकच्या या दवाखान्यात मला लेझर कोणी म्हणत नाही. सगळे लेझीम म्हणतात! हसू नका, त्या नावाचा मला भारी अभिमान आहे.

दोन हजार चार साली मी इथे आलो, तेव्हा काय थाट होता माझा! मोहिनी मॅडम लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर. कीड खोल गेली की दुधाच्या दाताचा आतला नाजूक गाभा दुखावतो. मॅडमनी कीड कोरायची, गाभ्याचा वरचा बिघडलेला भाग काढायचा आणि मी माझ्या बारीक तारेतून प्रकाश सोडून रक्त थांबवायचे, म्हणजे खालचा गाभा वाचतो. पण खरे मूल अजून माझ्या वाट्याला आले नव्हते. मी नुसता उतावळा झालो होतो.

आणि आली सरिता! हरसूलची, सात वर्षांची, दुधाचा एक दात खोल किडलेला. सोबत आई भागीबाई आणि हातात चक्क लेझीम. शाळेतल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, "नाशिकला लेझर आहे." हिने ऐकले लेझीम! मग काय, ताल जुळवायला ती आपली घेऊनच आली.

"कुठं हाय तुमची लेझीम?"

मॅडमनी हसू दाबत माझ्याकडे बोट केले. सरिताचे तोंड एवढेसे झाले. "हिला तर चकत्याच नाय!"

भागीबाईंना परतीची गाडी चुकायची घाई लागली होती. "बाई, दुधाचाच दात हाय. पडायचाच तो. उपटून टाका की."

"पडेल, पण तीन-चार वर्षांनी. आत्ता काढला तर शेजारचे दात सरकतील, नव्याला जागा उरणार नाही. मी वाचवून बघते. रक्त थांबलं नाही, तर मात्र काढावा लागेल."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! मॅडमनी दात बधिर केला. माझ्या प्रकाशापासून डोळे जपायला सगळ्यांनी रंगीत चष्मे घातले. "सरिता, आता तुझी लेझीम गप्प. माझी वाजणार."

टिट, टिट, टिट! मी वाजू लागलो. सरिताने मांडीवरची लेझीम घट्ट धरली होती. एक चकती हलली नाही.

"थांबलं!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच.

दात भरला, वर चांदीसारखी टोपी बसली. सरिता खुर्चीवरून उतरली आणि बाहेरच्या बाकांपुढे तिने लेझीमचा असा काही फेर धरला, की रडायच्या बेतात असलेली पोरे टाळ्या पिटू लागली. त्या दिवशी मला नाव मिळाले.

पुढे कितीतरी दात मी वाचवले. मग नवे यंत्र आले आणि मी फळीवर गेलो. अंगावर धूळ साचली. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

एके दिवशी दारातून आवाज आला, "लेझीम कुठं हाय?" सरिता! चांगली उंच झालेली. तिने मूठ उघडली. तळहातावर टोपीसकट तोच दात, वेळ झाल्यावर आपणहून पडलेला! तिने आ केला. त्या जागी नवा दात डोकावत होता.

"समदे टाकतात तसा घराच्या कौलांव टाकणार होते," ती मला म्हणाली, "पण म्हटलं आधी तुला दावावा."

आणि तिने फ्रॉकच्या टोकाने माझी धूळ पुसली.

मित्रांनो, पडणारच आहेत म्हणून दुधाच्या दातांची हेळसांड करू नका. रात्री नीट घासा, दुखले तर लगेच सांगा. आणि दवाखान्यात आलात, तर माझ्यावरून फडका फिरवायला विसरू नका. हाक मारलीत, तर मी अजून वाजतो.