दार लागेपर्यंत

“दोन महिने टिकणाऱ्या म्हाताऱ्यासाठी आपली कोवळी पोरं देऊन टाकायची? डोळ्यांबरोबर डोकंही गेलं की काय तुझं, वॉल्ट?”

ग्रेडी न्हावी एका कानात रेडिओची गोळी खुपसून बसला होता, त्यामुळे शेजारच्याशीही तो लांबच्याशी बोलावं तसा ओरडून बोलत होता. रविवारची दुपार, ऊन अगदी टाळूवर, आणि जुलैचा शेवटचा दिवस. आज संध्याकाळपर्यंत काय खेळाडूंची अदलाबदल करायची ती करून घ्या, नंतर दुकान बंद. म्हणून मिलबर्नच्या बेसबॉल मैदानावर स्टॅंडमधलं प्रत्येक माणूस आज आपणच टीमचे मालक असल्यासारखं बोलत होतं.

“चौतीस म्हणजे म्हातारा नाही,” वॉल्ट म्हणाला. “कॉर्ट्राइट डावखुरा आहे. मोठ्या मॅचला त्याचा हात थरथरत नाही. आपल्याकडे असा पिचर आहे कुठे? पाळीपाळीने बॉल टाकायला पाच पिचर लागतात, त्यातले चार धड नाहीत, पाचवा तर देवाच्या भरवशावर.”

“आणि सीझन संपला की तो चालला. करार संपतोय त्याचा. ही पोरं सहा-सहा वर्षं आपली राहिली असती.”

“मला सहा वर्षं कोण देतंय? एकाहत्तर संपली. कळायला लागल्यापासून ही टीम एकदा तरी जिंकेल म्हणून थांबलोय. तू पोरं सांभाळत बस, मला कप पाहिजे.”

“पाहणार कसा? दिसतंय कुठे तुला?”

“बायको सांगेल.”

सगळे हसले. वॉल्टची बायको आयरीन हसली नाही. तिने पेल्यातला बर्फ उगीच हलवला.

वॉल्ट सोबचॅकच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध चार वर्षांपूर्वी काळा डाग आला. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तेव्हापासून मैदानात काय चाललंय ते आयरीन त्याला सांगते. बाकी नऊ महिने ती शाळेची पिवळी बस चालवते, आणि उन्हाळ्यात नवऱ्याला बेसबॉल सांगते. दोन्ही कामं ती सारख्याच निगुतीने करते. पोर बसमधून उतरलं, अंगण ओलांडून घरात गेलं, दार लागलं, की मगच गाडी हलणार. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांनी वाजवत बसावं.

मिलबर्नची टीम म्हणजे शहरातल्या मोठ्या टीमची रोपवाटिका. शहर गाडीने तीन तासांवर. इथे पोरं वाढवायची, चांगली निघाली की वर न्यायची, किंवा मग ती देऊन दुसऱ्याचं तयार झाड आणायचं. या पोरांना धड पगार नसतो, म्हणून गावातली घरंच त्यांना उन्हाळ्यापुरती ठेवून घेतात. सोबचॅकांच्या मागच्या खोलीत वेड हॅनली होता. ओक्लाहोमाचा, बावीस वर्षांचा, लांब हातापायांचा पिचर. साधारणपणे पोरं एक उन्हाळा राहतात, नाताळला कार्ड पाठवतात आणि संपतं. वेडचा हा दुसरा उन्हाळा होता. मॅच नसली की तो पोर्चमध्ये वॉल्टजवळ बसायचा, वॉल्टच्या हातात बॉल द्यायचा आणि त्याची बोटं शिवणीवर बरोबर ठेवून सांगायचा, “इथे दाबलं की खाली पडतो, मिस्टर वॉल्ट. आणि असं धरलं की नुसता तरंगतो.” डोळे गेल्यापासून वॉल्टला इतका वेळ कुणी दिला नव्हता. पोटचा मुलगा अलास्कात, तो फोनवर हवामान सांगतो.

“कोणकोण मागतायत म्हणे ते?” आयरीनने शेवटी विचारलंच.

ग्रेडीने कानातली गोळी नीट बसवली. “रेडिओवाला म्हणतो, मोठ्या टीममधला एक आणि मिलबर्नमधला एक. नाव फुटलेलं नाही. पण मागतील तर पिचरच मागतील.”

“ऐकलंस?” आयरीन नवऱ्याला म्हणाली. “मिलबर्नमधला एक. सकाळी तुझ्या शेजारी बसून सहा पॅनकेक खाऊन गेला, तो पण मिलबर्नमधलाच आहे.”

“वेडला कोण देतंय? दुसरी का थोडी आहेत?”

“दुसरीसुद्धा कुणाच्या तरी घरी जेवतातच की. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.”

“हो ना,” पलीकडून डॉट म्हणाली. पोस्टात खिडकीवर बसणारी डॉट हॅस्किन, आयरीनची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिच्याकडे एमिलियो होता, डॉमिनिकन शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये बॉल अडवणारा. गुरुवारी त्याचा घोटा मुरगळला होता आणि तो घरी बर्फात पाय घालून पडला होता. त्याला एकटं टाकून आले, म्हणून डॉट मघापासून हळहळत होती. एकदाच इंग्रजीत फोन करून पिझ्झा मागवायची त्याच्यावर वेळ आली, तर त्याने दहा मागवले होते.

वेडने पहिली इनिंग झटक्यात संपवली. आयरीन सांगत होती, वॉल्ट मान डोलावत होता. “तिसरा पण गेला. नुसता बघत राहिला. वेड टोपी सारखी करत आत चाललाय.”

आपली बॅटिंग झाली. दुसऱ्या इनिंगला मिलबर्नची पोरं मैदानात उतरली. पिचर जिथून बॉल टाकतो त्या मधल्या उंचवट्यावर वेड नव्हता. तिथे भलताच एक जाडा पोरगा उभा राहून माती उकरत होता.

आयरीन जागची अर्धी उठली.

“काय झालं?” वॉल्ट म्हणाला. “पुढे सांग.”

“वेड आला नाही.”

“दुखलं-बिखलं का?”

“नाही.” ती खेळाडू बसतात त्या डगआउटकडे बघत होती. “मिठ्या मारतायत त्याला. एकेक जण उठून मिठ्या मारतोय. मॅनेजरने पण मारली.”

जुलैच्या शेवटच्या दिवशी मॅच चालू असताना पिचरला आत बसवलं आणि सगळे त्याच्या गळ्यात पडले, तर त्याचा अर्थ बेसबॉल बघणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतो. पोरगा विकला गेला. स्टॅंडमध्ये एकाने हळूच टाळी वाजवली आणि शेजारच्याने त्याचा हात धरला. ग्रेडीने कानातली गोळी काढून खिशात टाकली. डॉटने आयरीनच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“कॉर्ट्राइटची टीम पार तिकडे समुद्राकाठी आहे,” ग्रेडी म्हणाला. पहिल्यांदाच तो हळू बोलला. “हवा चांगली असते म्हणे तिकडे.”

वॉल्ट उठून उभा राहिला. “घरी जाऊ या,” तो म्हणाला.

घरी आल्यावर आयरीन तडक स्वयंपाकघरात गेली. अशा वेळी ती रडत नाही, सॅंडविचं करते. तळलेल्या बोलोन्याची, म्हणजे सॉसेजच्या चकत्यांची, भरपूर मोहरीचा सॉस लावलेली, वेडला आवडतात तशी. सहा केली. विमान कधीचं असेल, वाटेत काय मिळेल, कुणी सांगावं? मग तिने दोरीवरचे त्याचे मोजे काढून आणले आणि जोड्या लावायला घेतल्या. त्यात एक जास्त निघाला, तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. नळ मोठा सोडून तिने डोळे पुसले. पण नवऱ्याचे डोळे गेले होते, कान नाही.

“मीच मागत होतो,” वॉल्ट खुर्चीतून म्हणाला. “महिनाभर बोंबलतोय. पोरं द्या, कॉर्ट्राइट आणा. मिळाला.”

“तुझं ऐकून देतात का ते?”

“नसतील ऐकत. पण माझ्या तोंडून निघालं ना. तोही ऐकायचा, शेजारी बसून. एकदा म्हणाला, मिस्टर वॉल्ट, माझ्याबदल्यात आला तर चालेल का तुम्हाला? मी म्हटलं, तू स्वस्तात जाशील. हसला होता.”

आयरीनने तो जास्तीचा मोजा घडी घालून ठेवला. खरं होतं ते, आणि त्याला ते तसंच खुपू द्यावं असंही तिला थोडं वाटलं.

अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. टीमची व्हॅन. जाळीचं दार धाडकन आपटलं आणि युनिफॉर्मची पॅंट, वर साधा बनियन अशा अवतारात वेड आत आला. त्याच्या चेहऱ्यावरून आयरीनला काहीच कळेना.

“मोजे बॅगेत घालते,” ती घाईघाईने म्हणाली. “आणि हे बरोबर घे. विमानात काही देत नाहीत हल्ली.”

“कुठलं विमान, मिस आयरीन?”

“तिकडचं. जिथे तुला धाडलंय तिथलं.”

“मला शहरात बोलावलंय,” वेड म्हणाला. “वर. आपल्याच टीममध्ये. उद्या मी टाकणार आहे.”

आयरीनने आधी नळ बंद केला.

“कॉर्ट्राइट आला, पण त्याने कालच मॅच टाकली, तो तीन दिवस टाकू शकत नाही. उद्या पाचव्या पिचरची पाळी होती, पण कॉर्ट्राइटच्या बदल्यात त्यालाच देऊन बसले. आता उद्याला माणूस नाही. म्हणून मग मी. आज एकाच इनिंगवर थांबवलं ते त्यासाठीच.”

आयरीन स्टुलावर बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला आज नीट समजलं. “मेल्या, मग त्या मिठ्या कसल्या मारत होते सगळे?”

“वर चाललो म्हणून. कशाला मारतील दुसऱ्या?”

वॉल्ट हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खोकला येईपर्यंत. तो उठला, चाचपडत वेडपर्यंत आला आणि त्याच्या दंडाला हात लावून, हा तोच ना, अशी खात्री करून घेतली. “बघ, मी म्हणत होतो की नाही,” तो म्हणाला. “सौदा उत्तम आहे. कॉर्ट्राइट आला आणि पोरगंही गेलं नाही. मला विचारून करतात ते.”

“आता लगेच मोठेपणा घेतलास,” आयरीन म्हणाली, पण ती हसत होती. तिघेही हसत होते. वेड बोलोन्याच्या बशीकडे वळला, तेवढ्यात डॉट मागच्या दाराने आली, हातात पीच घालून भाजलेला गोड पाई. कुणाच्या घरी मयत झालं की हे गाव पाई करून नेतं. तिने पिशवीही आणली होती, कपडे भरायला मदत म्हणून.

तिला दारातच सगळं सांगितलं. डॉटने पाई टेबलावर ठेवला आणि वेडच्या गालाचा मुका घेतला, त्यासाठी त्याला बरंच वाकावं लागलं. “देवा, सगळ्या वाटेत मी तुझ्यासाठी रडत आले की,” ती आयरीनला म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. डॉट तशीच आहे.

तिच्या पर्समधला फोन वाजला. “एमिलियो असेल. बर्फ संपला असणार.” तिने फोन कानाला लावला. “हं, बोल बाळा.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली. “कुणी सांगितलं? मॅनेजरने स्वतः? … बरं. … नाही, नाही, तुझं काही चुकलेलं नाही. तू बस. पाय वर ठेव. मी आलेच.”

मिलबर्नमधला एक. आयरीनला आठवलं, मघाशी घरी येताना तिने मनातल्या मनात देवाला म्हटलं होतं, कुणीही घे, हा सोड. पोरं ठेवून घेणारी घरं तर मोजकीच होती, सगळी ओळखीची. ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरीही छातीतलं ते हलकेपण जाईना. वेड समोर उभा होता आणि तो जाणार होता तीन तासांवर. काय करणार?

“आज रात्रीच्या विमानाने ये म्हणतायत त्याला,” डॉट म्हणाली. “त्या पायाने.”

“डॉट,” वॉल्ट म्हणाला. “मी महिनाभर…”

“तू काय केलंस, वॉल्ट? तू नसतास बोंबलला तरी त्यांनी तेच केलं असतं.” तिने त्याचा खांदा थोपटला. “कप मात्र आणायला सांग त्या कॉर्ट्राइटला. फुकट नाही दिलेला मी माझा.”

बाहेर व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. वेडची बॅग भरली. आयरीनने त्याला घट्ट धरलं, आणि तो म्हणाला, “मिस आयरीन, उद्या तिकिटं ठेवतो दोघांची.” ती म्हणाली, “आधी टोपी नीट घाल, टीव्हीवर दिसशील.” त्याने वॉल्टच्या हातात बॉल दिला. वॉल्टने न सांगता बोटं शिवणीवर बरोबर ठेवली. मग व्हॅन गेली. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आयरीन रडली नाही. सॅंडविचं तशीच राहिली होती. पोरगा आनंदात विसरून गेला.

तिने ती कागदात बांधली आणि गाडीची किल्ली घेतली. “चल,” ती डॉटला म्हणाली. “हायवेवर तुझ्याने गाडी चालत नाही, आणि आज तर मुळीच नको.”

विमानतळापर्यंत एमिलियो मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. डॉट त्याच्या शेजारी, त्याचा घोटा मांडीवर घेऊन. त्याने एक सॅंडविच खाल्लं. मोहरीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“फार झाली का मोहरी?” आयरीनने आरशातून विचारलं.

“नाही. छान आहे,” तो म्हणाला, आणि दुसरं घेतलं.

विमानतळाच्या दाराशी गाडी उभी करू देत नाहीत. उतरवायचं आणि निघायचं. डॉटने त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली, आईला फोन कर म्हणाली, आणि पुन्हा एकदा कॉलर सारखी केली. एमिलियो कुबडीवर लंगडत निघाला. काखेत कागदाची पुडी होती, उरलेल्या चार सॅंडविचांची.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग त्याच्या मागच्याने. शिट्टी वाजवत एक पोलीस येऊ लागला आणि हाताने पुढे, पुढे म्हणू लागला. डॉट म्हणाली, “आयरीन, जाऊ या.”

“थांब,” आयरीन म्हणाली. तिने ब्रेकवरचा पाय काढला नाही. एमिलियो दारापर्यंत पोचला, वळून त्याने पुडीचाच हात वर केला, आणि आत गेला. काचेचं दार सावकाश लागलं. मग तिने गाडी हलवली.