ट्रकवरची गर्दी

वर्लिन स्टकीने वीस वर्षं ओहायोतल्या लिमा गावात एकाच गॅरेजात नोकरी केली आणि ड्वाइटच्या शब्दावर ती सोडली. ड्वाइट हॉकमन त्याचा शाळेपासूनचा दोस्त, लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला. गॅरेजोगॅरेज फिरून मेकॅनिकांना हत्यारं विकायचा ट्रक ड्वाइटकडे होता. ट्रक, हत्यारं बनवणाऱ्या कंपनीचा परवाना, ठरलेली गिऱ्हाइकं, सगळं वर्लिनने घर गहाण टाकून विकत घेतलं.

डोळे मिटून नव्हे हं. आधी एका गुरुवारी अख्खा दिवस तो ड्वाइटबरोबर हिंडला होता. हॉर्न वाजला की मेकॅनिक हातातलं काम टाकून ट्रकमध्ये घुसत, उभं राहायला जागा उरत नसे. ती गर्दी बघून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटलं असतं, वर्लिनच्याही सुटलं.

पहिल्या मंगळवारी त्याने एकट्याने हॉर्न वाजवला. तशीच गर्दी झाली, पण या वेळी प्रत्येकाच्या हातात मोडका पाना होता. हत्यारांना जन्मभराची हमी. मोडलं की ट्रकवाल्याने जागेवर नवं द्यायचं. कंपनी भरपाई करते, पण सावकाश नि अर्धवट. दुपारपर्यंत वर्लिनचे खण रिकामे होत आले आणि विक्री म्हणाल तर हातमोज्यांचा एक जोड.

तिसऱ्या गॅरेजात जुना ओळखीचा रॉस्को वर चढला.

"सगळ्यांचं एकदम कसं मोडलं रे?" वर्लिनने विचारलं.

"एकदम कुठलं? ड्वाइटने नाताळापासून काही बदलूनच दिलं नाही. म्हणाला, गुरुवारी गिऱ्हाईक ट्रक बघायला येतंय. सगळे वर या, हसा-बोला. नवा मालक देईल बदलून."

"आणि तू आलास?"

"तू असशील हे कुठं ठाऊक होतं?"

"वर आल्यावर दिसलो की."

रॉस्कोने मान खाली घातली. "माझा पाना चार महिने मोडून पडला होता, वर्लिन."

वर्लिनने त्याला नवा पाना दिला. हमी आता त्याच्याच गळ्यात होती. मग त्याने ड्वाइटला फोन लावला.

"केसाने गळा कापलास माझा."

"मला विकणाऱ्यानेही अशीच गर्दी जमवली होती," ड्वाइट शांतपणे म्हणाला. "सहा वर्षं सोसलं मी. तूही शोध एखादा."

"एखादा म्हणजे?"

"तुझ्यावर भरवसा असलेला. परका माणूस आधी हिशेबाच्या वह्या बघायला मागतो."

वर्लिनने तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, फोन बंद केला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मग ट्रक सुरू केला. पुढचं गॅरेज येईपर्यंत दोन नावं त्याच्या मनात येऊन गेली. दोघेही मित्रच.