पहिला व्हॉल्व्ह

आजोबांनी चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. त्या चाळीस वर्षांत आवाज जास्त येतो अशी तक्रार घेऊन एकही गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नव्हतं. सगळ्यांना तो वाढवूनच हवा असे. त्यामुळे नातीच्या गिटारसाठी घरीच ॲम्प्लिफायर बांधायला घेतला, तेव्हा त्यांनी सवयीने सगळ्यात पुढे जुन्या रेडिओत असे तसला काचेचा व्हॉल्व्ह असा निवडून बसवला, की तारेला नख लागलं तरी आवाज शंभरपट होऊन पुढे जावा.

तो गेलाही. नातीने बटण एकवर ठेवून तार छेडली आणि स्वयंपाकघरात आजीच्या हातून झाकण पडलं. आवाज मोठा होताच, शिवाय फाटका होता. कुणी पत्रा फरफटत नेत असावं तसा. आजोबांना मात्र तो चांगला भरदार वाटला. कानाचं यंत्र डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच दिलं होतं; ते सुट्या स्क्रूंच्या डबीत होतं. आवाजाची परीक्षा आजोबा कपबशीवर करत. बशीतला चमचा किणकिणला, की काम झालं.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये नात वाजवणार होती. शनिवारी तिचे गिटारचे सर घरी येऊन ऐकणार होते. ॲम्प्लिफायर स्वच्छ वाजला तर हाच न्यायचा, नाहीतर सर स्वतःचा विकतचा आणणार. आजोबा याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. पण जन्मभर दुसऱ्यांनी बनवलेल्या खोक्यांची मागची बाजू पाहिल्यावर, आपलं एक खोकं लोकांसमोर पुढून दिसावं, असं त्यांना फार वाटत होतं.

शुक्रवारी नातीने जुन्या डब्यातून तितक्याच पायांचा, पण आवाज विसेकपटच वाढवणारा एक व्हॉल्व्ह शोधून काढला. आजोबांनी प्लग काढला, आतला साठलेला करंट उतरवला आणि नाइलाजाने तो बसवला. नातीने वाजवलं. चमचा हूं की चूं करेना.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

आजोबांना वाटलं, पोरगी आपलं मन राखतेय. रात्रभर त्यांनी कूस बदलली, आणि सकाळी ती क्लासला गेल्यावर गुपचूप पहिला व्हॉल्व्ह परत बसवला.

सर पाच वाजता आले. चहाचा कप ओठाला लावला, तेवढ्यात नातीने सुरुवात केली. चमचा किणकिणला. सरांचा शर्टही चहाने भिजला. सर भले माणूस. रुमालाने शर्ट टिपत म्हणाले, की आवाजात दम आहे, पण उद्या ते आपलाच घेऊन येतील.

नातीने खोक्यामागे डोकावून पाहिलं. "हा कुणी बदलला?"

"माझ्याकडे बघू नकोस," आजी म्हणाली. "मी तिथली धूळसुद्धा विचारून पुसते."

आजोबा खाली मान घालून बसले. आपण शाळेत मार खाण्याच्या वयाचे राहिलो नाही, एवढंच काय ते समाधान. आजी उठली, स्क्रूंची डबी टेबलावर उपडी केली आणि त्यातून यंत्र उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"अहो, दोन वर्षं सांगतेय. तुम्ही अख्ख्या घराला तुमच्या कानाने ऐकायला लावता."

हेही त्यांना यंत्र घातल्यावर, तिने ते पुन्हा सांगितलं तेव्हाच नीट ऐकू आलं. पंखा कुरकुरत होता. खुर्ची कुरकुरत होती. नातीने सरांना पाच मिनिटं थांबायची विनंती केली. आजोबांनी सगळं बंद करून, रुमालात धरून गरम व्हॉल्व्ह उपटला आणि कमी ताकदीचा बसवला.

नातीने वाजवलं. चमचा गप्प होता. पण सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. तारेवर बोट सरकल्याची बारीक सळसळसुद्धा. आजोबांनी एवढ्या वर्षांत कधी कुठल्या रेडिओतून एवढं बारीक ऐकलं नव्हतं. निदान त्यांना आठवेना.

"हाच न्यायचा," सर म्हणाले. "उचलायला मात्र दोघं लागतील."

रविवारी ते खोकं पुढून दिसलं. वादन संपलं, टाळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या रांगेत आजोबांनी दचकून कान धरला. मग हळूच खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

आजीने टाळ्या न थांबवता कोपराने त्यांचा हात दाबला. "कानातल्या यंत्राला हात लावायचा नाही."

"आवाज थोडा कमीच करणार होतो," आजोबा म्हणाले.